काळी बिअर घालून व्हेज स्ट्यू: तो कडू का होतो आणि होऊ नये म्हणून काय करायचं

आयर्लंडमध्ये राहायला आलेल्या मराठी लोकांकडून, त्यातही शाकाहारी लोकांकडून, मला एक प्रश्न हमखास येतो. पबमध्ये शेजारच्या टेबलावर बीफ अँड गिनेस स्ट्यू (गिनेस नावाच्या काळ्या बिअरमध्ये शिजवलेलं बीफ) येतो, त्याचा रंग आणि वास एवढा भारी असतो की वाटतं आपण घरी हाच प्रकार बीफच्या जागी मश्रूम आणि गाजर घालून करूया, मग करतात, पहिला घास बरा लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला जिभेच्या मागच्या बाजूला असा कडवटपणा चढतो की पुढे खाववत नाही. मग साखर घालतात, मग तो गोडही लागतो आणि कडूही. आणि शेवटी ठरवून टाकतात की हा प्रकार मांसाशिवाय होतच नाही.

होतो, आणि फार छान होतो. फक्त मांस काढून घेतल्यावर पातेल्यातून नेमकं काय काय गेलं ते समजून घ्यायला हवं, कारण त्या स्ट्यूमध्ये मांस म्हणजे नुसते चावायचे तुकडे नसतात, बिअरचा कडवटपणा झाकायचं कामही तेच करत असतं. मांस गेलं की झाकण गेलं, बिअर उघडी पडली. एवढी एक गोष्ट लक्षात आली की बाकी सगळं आपोआप जुळत जातं.

आधी बिअरकडे बघू. गिनेससारख्या काळ्या बिअरला स्टाउट म्हणतात. ती काळी का असते? साधी बिअर मोड आणून वाळवलेल्या जवापासून, म्हणजे सातूपासून बनते आणि ती सोनेरी असते. स्टाउटमध्ये त्याच्याबरोबर थोडे जव २०० अंशांच्या वर, जवळजवळ कोळसा व्हायच्या बेताला येईपर्यंत भाजून घातलेले असतात. सगळं धान्य नाही हं, त्यातला लहानसा हिस्साच, पण तेवढ्याने अख्खी बिअर काळी होते. हे जमायला लागलं ते १८१७ नंतर, त्या वर्षी डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रज माणसाने फिरत्या पिंपात धान्य न जाळता काळं भाजायचं पेटंट घेतलं. डब्लिनमधली गिनेस त्याच्या कितीतरी आधीची, आर्थर गिनेसने १७५९ साली सेंट जेम्सेस गेटची जागा ४५ पौंड वार्षिक भाड्याने तब्बल ९००० वर्षांच्या करारावर घेतली होती, पण आज आपण जी काळीभोर स्टाउट ओळखतो तिचा रंग या भाजलेल्या धान्याचा. आणि रंगावरून वाटते तेवढी ती जड पण नसते, ड्राफ्ट गिनेसमध्ये अल्कोहोल ४.२ टक्केच असतं.

भाजलेल्या जवातून कॉफी, डार्क चॉकलेट, करपलेल्या पावाच्या कडा असे वास येतात आणि स्ट्यूला आपल्याला तेच हवे असतात. पण त्यांच्याबरोबर कडवटपणाही येतो. दुसरा कडवटपणा हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं, बिअर बनवताना ती उकळतात, त्यातल्या अल्फा आम्लांचं उकळताना रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप चांगलंच कडू असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. अल्कोहोल बरंचसं उडतं, पाणी वाफ होऊन जातं, पण हा कडवटपणा कुठेही जात नाही. बाटलीतून जेवढा पातेल्यात आला तेवढाच शेवटपर्यंत तिथे राहतो, त्यामुळे स्ट्यू किती कडू लागणार हे बिअर किती घातली आणि शेवटी रस किती उरला यावर ठरतं. तोच कडवटपणा सव्वा लिटर रसात पसरला तर जाणवत पण नाही, आणि तो रस आटवून अर्धा लिटर केला की अडीच पट होतो. आपल्याला सवय काय असते, रस्सा पातळ वाटला की झाकण काढायचं, गॅस मोठा करायचा आणि आटवायचा. इथे नेमकं तेच नडतं. बिअरचा स्ट्यू आटवून दाट करायचा नाही, तो दाट करायला दुसरं काहीतरी घालायचं.

आणि इथेच मांसाचं पहिलं काम कळतं. बीफ दोन-अडीच तास शिजतं तेव्हा त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि रसाला अंग येतं, तो ओठांना किंचित चिकटतो, न आटवताच दाट लागतो. भाज्यांमध्ये कोलॅजन नसतंच, म्हणून नुसत्या भाज्या घातल्या की पाणी एकीकडे आणि भाजी एकीकडे, रस मिळून येत नाही. यावर सगळ्यात चांगला उपाय मला जवाचाच वाटतो. पॉलिश केलेले जव, ज्याला इकडे पर्ल बार्ली म्हणतात, त्यात बीटा-ग्लुकान नावाचा तंतू असतो, तो हळूहळू रसात उतरतो आणि रस असा मऊसर दाट करतो की मैद्याने तसा होत नाही. बिअर जवाचीच असल्यामुळे चवही बिलकुल परकी वाटत नाही. वर बटाटा थोडा विरघळतो, कांद्याला मैदा लावलेला असतो, सगळं मिळून येतं. महाराष्ट्रात किराणा दुकानात अख्खे जव मिळाले तर ते रात्रभर भिजवा आणि आधी कुकरला लावून घ्या, पॉलिश न केलेला दाणा पातेल्यात शिजायला खूप वेळ घेतो.

मांसाचं दुसरं काम चरबी. कडू चीज तेल-तुपाच्या सोबतीने सौम्य लागते, बीफची चरबी रसभर पसरलेली असते म्हणून पबमधला स्ट्यू बोचत नाही. व्हेज स्ट्यू करताना 'हेल्दी करूया' म्हणून चमचाभर तेलात भागवलं तर बिअर लगेच वर येते. चार जणांच्या स्ट्यूला ४० ग्रॅम बटर आणि वर दोन चमचे तेल, एवढं घाला, जास्त नाही होत.

तिसरं काम सगळ्यात मोठं आणि दिसायला सगळ्यात अदृश्य, ते म्हणजे उमामी, ती भरलेली, तोंडात रेंगाळणारी चव. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढून दाखवलं की गोड-आंबट-खारट-कडू यांच्यापलीकडची ही चव यामुळे येते. पुढे आणखी एक गोष्ट समजली, ग्लुटामेट एकटं असलं तर चव बेताची लागते पण त्याच्या जोडीला इनोसिनेट किंवा ग्वानिलेट यांपैकी एखादं चव वाढवणारं द्रव्य असलं तर ती नुसती वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. मांसात ग्लुटामेट आणि इनोसिनेट दोन्ही असतात. भाज्यांमध्ये इनोसिनेट जवळपास नसतं, पण वाळलेल्या शिटाके मश्रूममध्ये ग्वानिलेट भरपूर असतं. म्हणजे टोमॅटो पेस्ट आणि सोया सॉसमधून ग्लुटामेट घ्यायचं, वाळलेल्या शिटाकेतून ग्वानिलेट घ्यायचं आणि जोडी जमवायची. शिटाके पंधरा-वीस ग्रॅम पुरतात, थोडे महाग असतात पण यात काटकसर करू नका, ताज्या मश्रूमची रास घातली तरी या भिजवलेल्या पाण्याची जागा ती घेत नाही.

कडवटपणा हाताळायचं बाकी ज्ञान आपल्याकडे आहेच, कारल्याची भाजी करणाऱ्या घरात मीठ, गूळ आणि सढळ तेल यांचं महत्त्व सांगायला नको. फक्त क्रम महत्त्वाचा आहे. लोक कडू लागलं की आधी साखरेकडे जातात, आधी मीठ बघा. मीठ जिभेवर कडवटपणा दाबतं आणि दाबलेला कडवटपणा बाकीच्या चवी मोकळ्या करतो, शंका असेल तर टॉनिक वॉटरमध्ये चिमूटभर मीठ टाकून चाखून बघा, फरक लगेच कळतो. मीठ बरोबर झाल्यावरही कडू लागलं तर मग गूळ, अर्धा चमचा, ढवळा, चाखा, लागला तर पुन्हा अर्धा.

आता करायचं कसं ते. चार जणांसाठी, जाड बुडाचं मोठं पातेलं हवं, पाचेक लिटरचं असलं तर उत्तम.

शिटाके ३०० मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजत घाला. ताजे मश्रूम ५०० ग्रॅम, बटण किंवा चेस्टनट कोणतेही (एकाच जातीचे आहेत, मोठा पोर्टोबेलो पण त्यातलाच, फक्त वाढलेला), त्यांचे मोठे तुकडे करा, अर्धे केले तरी पुरे, कारण ते आक्रसतात. पातेलं चांगलं तापवा आणि तेल न घालता अर्धे मश्रूम टाका, सगळे एकदम नाही. आता इथे जरा थांबून बघायचं. आधी चर्र असा आवाज येतो, दोन-तीन मिनिटांत तो आवाज बसतो आणि तळाला पाणी जमा होतं, कारण मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि जोपर्यंत ते पाणी आहे तोपर्यंत तापमान शंभर अंशांवर जात नाही, मश्रूम उकडत राहतात, तपकिरी होत नाहीत. घाबरून गॅस कमी करू नका, ढवळत पण बसू नका. पाणी आटलं की आवाज बदलतो, चर्रऐवजी कोरडा तडतड असा येतो, तेव्हा थोडं बटर टाका आणि तसेच पडू द्या, एक बाजू नीट खरपूस तपकिरी झाली की उलटा. याला मायार्ड प्रक्रिया म्हणतात, लुई-कामिय मायार्ड या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, १४० अंशांच्या आसपास ती जोरात सुरू होते, आणि भाजलेल्या मांसाचा जो वास आपल्याला ओळखू येतो तो पण याच प्रक्रियेचा. म्हणजे व्हेज स्ट्यूमध्ये तो वास आणायची हीच जागा आहे, पुढे रस घातल्यावर पुन्हा संधी नाही. मश्रूम काढून ठेवा, उरलेले अर्धे असेच करा. ते कितीही वेळ शिजले तरी विरघळत नाहीत कारण त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, पण काढून ठेवून शेवटी घातले तर खरपूसपणा जास्त टिकतो.

त्याच पातेल्यात उरलेलं बटर, तेल आणि तीन मोठे कांदे, उभे चिरून, मिठाबरोबर. मध्यम-मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. याला शॉर्टकट नाही. कांद्याचा गोडपणाच पुढे बिअरशी सामना करणार असतो. मग चार लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, पेस्ट लाल रंगावरून विटकरी होईपर्यंत परता, वर दोन चमचे मैदा भुरभुरवा आणि कच्चा वास जाईपर्यंत हलवा. एव्हाना तळाला तपकिरी थर चिकटलेला असतो, काळा नाही, तपकिरी, काळा झाला तर तो कडूच असतो आणि मग बिअरला दोष देऊन उपयोग नाही.

आता स्टाउट, ३०० मिली. कॅन आधीच जगमध्ये ओतून फेस बसू द्या, नाहीतर गरम पातेल्यात भसकन वर येते. बिअर ओतली की लाकडी उलथन्याने तळ खरवडून तो थर सगळा रसात उतरवून घ्या, पाच मिनिटं उकळू द्या. मग शिटाकेचं पाणी (तळाला रेती असली तर गाळून), चिरलेले शिटाके, ७०० मिली व्हेज स्टॉक, एक मोठा चमचा सोया सॉस, तमालपत्र, थाईमच्या दोन-तीन काड्या आणि धुतलेले ८० ग्रॅम जव. म्हणजे १.३ लिटर द्रवात ३०० मिली बिअर झाली, पावपट पण नाही, आणि हे प्रमाण मी सोडत नाही. इंटरनेटवर अख्खे दोन कॅन ओतायच्या रेसिपी असतात, त्या बीफच्या असतात, बीफ ते पचवतं.

झाकण थोडं तिरकं ठेवून पंचवीस मिनिटं मंद आचेवर. मग गाजरं, पार्सनिप, इकडे मिळतो तो मोठा पिवळा टर्निप आणि चारशे ग्रॅम बटाटे, सगळे जाड तुकडे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, बिअर आंबट असते, तिचा पीएच साधारण ४ ते ४.५, आणि आम्लात भाज्यांमधलं पेक्टिन, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ, सावकाश सुटतं, म्हणून साध्या पाण्यात वीस मिनिटांत शिजणारा बटाटा इथे पस्तीस-चाळीस मिनिटं घेतो. बटाटा शिजत का नाही म्हणून आच वाढवू नका, वेळ द्या. उलट यात फायदा आहे, तुकडे फुटत नाहीत. इथला लाल सालीचा रूस्टर बटाटा पिठाळ असतो, त्याच्या कडा थोड्या झिजतात आणि रस दाट होतो, मला तोच आवडतो. राजमा किंवा छोले घालायचे असतील तर मात्र पूर्ण शिजवूनच घाला, कच्चे कडधान्य आंबट रसात तासन्‌तास दगडासारखं राहतं.

शेवटच्या पंधरा मिनिटांत मश्रूम परत घाला, एक चमचा मोहरीची पेस्ट, मिरपूड. चाखा. मीठ. पुन्हा चाखा. मग गूळ लागतो का बघा. रस दाट वाटला तर गरम पाणी घाला, पातळ वाटला तर दोन बटाटे चमच्याने पातेल्याच्या कडेला दाबून मोडा.

बिअर कोणती, तर फार कडू नसलेली. कॉर्कची मर्फीज आणि बीमिश या दोन्ही जुन्या स्टाउट आहेत, बीमिश १७९२ पासूनची आणि मर्फीज १८५६ पासूनची, त्यातली मर्फीज मला स्ट्यूला सगळ्यात जास्त पटते, ती गिनेसपेक्षा मऊ लागते. गिनेस ड्राफ्ट चालते. गिनेसचीच फॉरेन एक्स्ट्रा ७.५ टक्क्यांची असते आणि चांगली कडू, ती नको. आयपीए (इंडिया पेल एल) तर अजिबातच नको, तिच्यात हॉप्सच हॉप्स. भारतात असाल तर पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीमध्ये स्टाउट मिळू शकते, पण बाटलीवर 'स्ट्राँग' लिहिलेली बिअर म्हणजे डार्क बिअर असं समजू नका, ती लागर, म्हणजे साधी फिकट सोनेरी बिअरच असते, फक्त अल्कोहोल जास्त, भाजलेल्या धान्याचा तिच्यात पत्ता नसतो. बेल्जियमची गोडसर ब्राऊन बिअर मिळाली तर वेगळाच मार्ग आहे, तिकडचे लोक त्यांच्या कार्बोनाद नावाच्या स्ट्यूवर मोहरीची पेस्ट फासलेले पावाचे तुकडे ठेवतात, पाव हळूहळू विरघळतो आणि रस दाट होतो. ही युक्ती शाकाहारी स्ट्यूला तंतोतंत लागू पडते, जव मिळाले नाहीत तर हेच करा.

अल्कोहोलबद्दल स्पष्ट बोलायला हवं. उकळलं की दारू सगळी उडून जाते, हे खरं नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे बरोबर, पण पाण्यात मिसळलेलं असताना ते पाण्याबरोबर हळूहळूच जातं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार पदार्थात मिसळून मंद शिजवलं तर अर्ध्या तासानंतर साधारण ३५ टक्के, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के अल्कोहोल उरतं. आपल्या पातेल्यात ३०० मिली बिअरमधून साडेबारा मिली अल्कोहोल आलं, तासाभराने तीन-सव्वातीन मिली राहिलं, म्हणजे प्रत्येक वाडग्यात एक मिलीच्या आत. खूप कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून घरी कुणी जेवायला येणार असेल तर आधी सांगा, कुणी श्रद्धेमुळे घेत नसेल, कुणी प्रेग्नंट असेल, कुणी दारू सोडलेली असेल, आणि ते कारण त्यांनी तुम्हाला सांगायलाच हवं असं नाही. ०.०, म्हणजे बिनअल्कोहोलची स्टाउट वापरून हाच स्ट्यू छान होतो, भाजलेल्या धान्याची चव तिच्यात असतेच, आणि त्या लेबलवरही किती टक्के ते एकदा वाचून घ्या.

शाकाहारी लोकांनी आणखी दोन-तीन लेबलं वाचायला हवीत. बिअर नितळ करायला काही ठिकाणी माशाच्या फुग्यापासून काढलेलं आयझिंग्लास वापरतात, गिनेसने ते बंद करायचं २०१५ मध्ये जाहीर केलं आणि २०१८ पर्यंत सगळ्या प्रकारांतून काढलं, पण बाकी कंपन्यांचं ज्याचं त्याने तपासावं. ऑयस्टर स्टाउट नावाच्या काही बिअरमध्ये खरोखर कालवं घातलेली असतात. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते, ती आपल्याला चालेल, व्हीगन पाहुण्याला नाही. आणि सगळ्यात जास्त फसवणारा वुस्टरशर सॉस, अशा रेसिपीत तो 'दोन थेंब' म्हणून हमखास असतो आणि त्यात सहसा अँकोव्ही मासे असतात, त्याच्या जागी सोया सॉस पुरेसा आहे. ग्लुटेन चालत नसेल तर हा पदार्थच सोडून द्या, बिअर, जव, मैदा सगळीकडे ते आहे.

खायला इकडचा सोडा ब्रेड आणि बटर सगळ्यात चांगलं. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते, पण जव रात्रभर रस पीत राहतात आणि सकाळी पातेल्यात घट्ट गोळा दिसतो, तेव्हा कपभर गरम पाणी किंवा स्टॉक घालून सैल करा, पुन्हा बिअर घालू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस आरामात राहतो. फ्रीझ करायचा असेल तर बटाटे न घालताच करा, गोठून वितळलेला बटाटा रवाळ होतो, खायच्या दिवशी वेगळे उकडून घाला.